जुन्या दप्तरातलं आडनाव कसं लावायचं? सातारा-सांगलीकडच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अभिलेख कक्षाचं तोंडही न पाहिलेली माणसं पणजोबा-खापरपणजोबांची नावं घेऊन तहसील कचेरीत येऊ लागली. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला वंशावळ पुरी करायची असते, तर कुणाला आपण मूळचे कुठले एवढंच बघायचं असतं. तिघंही अडतात ते एकाच ठिकाणी. कागद मिळतो, नाव लागतं, आडनाव मात्र लागत नाही. खालचे प्रश्न त्या अडलेल्या मंडळींचेच आहेत.

जनगणनेच्या जुन्या याद्यांत आमच्या घराण्याची नावं कुठे बघायला मिळतील?

मिळणार नाहीत. इंग्लंडात घरवार भरलेले तक्ते १०० वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी लोकांना खुले होतात, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. आपल्याकडे पहिली शिरगणती १८७२ ची. सगळीकडे एकाच वेळी झालेली म्हणाल तर १७ फेब्रुवारी १८८१ ची. पण घरोघरच्या चिठ्ठ्या बेरजेपुरत्या असायच्या. बेरीज झाली की त्यांचं काम संपलं. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीयच ठरवली. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत तुमच्या गावाची लोकसंख्या सापडेल, पण तुमचा पणजोबा सापडणार नाही.

मात्र इंग्रजांच्या आधीपासून आपल्याकडे खानेसुमारी, म्हणजे घरांची मोजणी, व्हायची. दप्तरखान्यात कधी कधी एखाद्या कसब्याची किंवा पेठेची घरवार यादी निघते. ती हाती लागली तर नशीबच म्हणायचं, पण तिच्या भरवशावर शोध सुरू करू नका.

मग सातारा गॅझेटमध्ये तरी नाव असेल?

नाही. हा प्रश्न आता रोज येतो म्हणून नीट सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड, म्हणजे १९ वा खंड, १८८५ साली छापला गेला. त्यात जिल्ह्यातले समाज, त्यांचे व्यवसाय, चालीरीती, पिकं, बाजार, किल्ले यांचं वर्णन आहे आणि माणसांचे आकडे १८८१ च्या गणतीतले आहेत. वाचायला सुरेख ग्रंथ आहे, पण कुटुंबांची यादी त्यात नाही. त्यात अमुकचं नाव निघालं असं कुणी सांगत असेल, तर पान दाखव म्हणावं.

मग नावं नेमकी कुठे असतात?

पहिली वही गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. हिलाच गावाकडे कोतवाल बुक म्हणतात. तुमच्या शोधाचा निम्मा रस्ता इथेच आहे. त्यानंतर जमिनीचे कागद: हक्कनोंदणीचे फेरफार, कडई पत्रक, जुने सातबारा, आठ-अ (खातेदारांची वही). गावची प्राथमिक शाळा जुनी असेल तर तिचं जनरल रजिस्टर. त्याच्याही मागे जायचं असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे, सातारच्या छत्रपतींचे कागद आहेत आणि १८५२ च्या इनाम कमिशनच्या चौकशीतून जमलेले कागदही आहेत. वतन किंवा इनाम होतं अशा घराण्यांना तिथे घबाड लागतं. बाकीच्या कुणब्या-बलुत्यांच्या घरांनी आधी तालुक्याला जावं.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून सगळे त्या तारखेच्या आतले कागद धुंडाळतात. नुसती वंशावळ हवी असेल त्यांना ही मर्यादा नाही. त्यांनी १९७० पासून मागे मागे जावं, म्हणजे ओळखीच्या नावावरून अनोळखी नावावर जाता येतं. एकदम १८९० ची वही उघडून बसलात तर त्यातला कुठला राणू तुमचा, हे कळायला काहीच मार्ग नसतो.

वही मोडीत आहे. मी बाराखडी शिकलो, तरी आडनाव लागत नाही. असं का?

कारण बाराखडी छापील शिकलात. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तिचे देखणे फाँट आहेत आणि शिकायला ते उत्तमच आहेत. पण तलाठी काही फाँटमध्ये लिहीत नव्हता. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढून घेतो आणि मग त्या रेघेखाली हात न उचलता धावत सुटतो. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार असला तर असला, नसला तर नसला. मजकूर वाचताना हे चालून जातं, कारण मागचा-पुढचा शब्द अर्थ सांगतो. आडनावाला अर्थाचा आधार नसतो. म्हणूनच सगळं पान घडाघडा वाचणारा माणूस आडनावाशी येऊन थबकतो. त्यात तुमची बुद्धी कमी पडते असं काही नाही.

शब्द कुठे तोडायचा हे कसं ठरवायचं?

हा खरा रंगतदार प्रश्न. ‘धोंडीबाबर’ अशी सलग अक्षरं आहेत असं धरा. हा धोंडी बाबर की धोंडीबा बर? धोंडी आणि धोंडीबा ही दोन्ही नावं घरोघर होती. खानापूर, आटपाडीकडचा माणूस पटकन बाबर म्हणून मोकळा होईल, कारण त्या भागात बाबरांची वस्ती मोठी. बहुधा बरोबरही निघेल, पण ते वाचन झालं नाही, अंदाज झाला. तोच माणूस फेरफारात किंवा पोराच्या शाळेच्या नोंदीत पुन्हा आला असेल. तिथे ‘धोंडीबा बाबर’ असं निघालं, तर पहिल्या ठिकाणी लिहिणाऱ्याने एक ‘बा’ गिळला होता हे कळतं. ‘बाबाजगताप’ हे बाबाजी गताप असं वाचणारेही भेटतात. गताप कोण, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

तोडताना पहिली खूण ‘बिन’ची. एवढं एक अक्षरचित्र डोळ्यांत पक्कं बसवा. त्याच्या डावीकडे मुलगा, उजवीकडे बाप, आणि बापाच्या पुढे जे उरलं त्यातच आडनाव असलं तर असतं.

यादीत अर्ध्या लोकांचं आडनाव ‘कित्ता’ आहे. हे कोणतं घराणं?

घराणं नाही हो. कित्ता म्हणजे वरच्याप्रमाणे. वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच इथे. ‘सदर’ही त्याच कामाला येतो. अशी फसवी आडनावं बरीच आहेत आणि ती वंशावळीत घुसली की काढता काढता नाकी नऊ येतात.

‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, बिनसारखंच. मुसलमान कुटुंबांच्या नोंदीत जास्त दिसतो, पण इतरांच्याही दिसतो. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘गंगू कोम रामा’ या बाईला लोक गंगू कोमरामा करून टाकतात आणि मग कोमरामे आडनावाचा शोध लागतो! ‘मयत’ आणि ‘भ्रतार’ (नवरा) हेही असेच चिकटलेले येतात.

सातबाऱ्यावरचं ‘अपाक’ तर सगळ्यांना फसवतं. ते अ.पा.क. आहे, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ‘अ.पा.क. आई’ असं असेल तर मुलगा तेव्हा सज्ञान नव्हता आणि आई त्याच्या वतीने उभी होती. शोधणाऱ्याला ही सोन्यासारखी माहिती, कारण बाप त्या सालाआधी वारला होता हे फुकटात कळतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची असते, नाव एकट्या थोरल्याचं लागतं. धाकट्याचा वंशज ‘आमच्या आज्याला काही नव्हतंच’ असं समजून बसतो ते यामुळे.

गावाच्या नावाभोवतीचे शब्दही तपासा: मौजे, कसबे, तर्फ, समत, प्रांत. ‘करंजे तर्फ सातारा’ हे एका गावाचं पूर्ण नाव आहे. समत हा आपल्याकडचा जुना महसुली विभाग. नवख्याला तो घाईत सामंत दिसू शकतो. हे शब्द बहुतेक वेळा आखूड करून, पुढे एक किंवा दोन उभ्या रेघा मारून लिहिलेले असतात: रा।, मौ।, ता।. ती रेघ काना नव्हे, शब्द आखूड केल्याची खूण आहे.

आमची वही बाळबोधच (देवनागरीतलीच) आहे, तरी घोळ होतो.

होणारच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत हात बसलेला माणूस बाळबोध लिहायला लागला की त्याचं वळण मोडीचंच राहतं. शिवाय काही अक्षरं मुळातच भांडखोर. ख सुटा पडला की रव होतो, मग खरात ‘रवरात’ होतात. घ आणि ध यांच्यात डोक्यावरच्या रेघेचाच काय तो फरक, म्हणून घुले-धुले, घोरपडे-धोरपडे. भ आणि म तसेच: भोरे की मोरे, भाने की माने. व-ब, प-य, थ-य, न-त, ड-इ या जोड्या ओळखीच्याच आहेत. नलवडे ‘तलवडे’ होतात आणि थोरात ‘योरात’.

चुकीचं वाचन विचित्र निघालं तर बरं, कारण ते लगेच खटकतं. योरात बघून कुणीही थांबेल. भीती असते ती दोन्ही वाचनं खरी आडनावं निघतात तेव्हा. घाडगे आणि घाटगे, भोरे आणि मोरे. तिथे मनाला जे हवं असतं तेच डोळ्याला दिसतं.

एक आडनाव घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल का?

दाखवतो. समजा, खटाव तालुक्यातल्या एका गावच्या जन्मनोंदीत बापाचं नाव ‘म्हादू बिन राणू’ असं स्पष्ट आहे आणि पुढचं आडनाव ‘गे’ने संपतं. मधलं अक्षर ट की ड, आणि पहिलं घ की ध, यावर घोडं अडलंय.

आडनावाकडे बघणं आधी बंद करा. त्याच हाताने लिहिलेली पाच-सहा पानं मागे-पुढे चाळा. तुम्हाला ज्या अक्षरांची शंका आहे ती अक्षरं अशा शब्दांत शोधा, जो शब्द काय असणार हे न वाचताच माहीत असतं. वार आणि महिने यासाठी उत्तम. ‘बुध’मध्ये ध मिळतो, ‘माघ’मध्ये घ. ‘वैशाख’ ख देतो, ‘आषाढ’ ढ देतो, ‘भाद्रपद’ भ देतो, ‘फाल्गुन’ फ देतो. ट हवाय? ‘पाटील’ पानोपानी आहे. ड हवाय तर तालुक्याचं ‘वडूज’ आहे. ही अक्षरं मोबाईलवर मोठी करून कात्रणासारखी एका पानावर शेजारी शेजारी लावा, त्या तलाठ्याची स्वतंत्र बाराखडी तयार होते. मग आपल्या आडनावाचं अक्षर त्यांच्यापुढे धरा. ‘माघ’मधल्या घ ची सुरुवातीची गाठ आणि आडनावातली गाठ एकाच बाजूने फिरली आहे का? ‘पाटील’मधला ट खाली उघडा राहतो आणि ‘वडूज’मधला ड आत वळतो, असं काही दिसतं का? असल्या खुणा प्रत्येक हाताच्या निराळ्या, म्हणून दुसऱ्या वहीतली बाराखडी इथे लावू नये. तलाठी बदलला की कात्रणं नव्याने करायची.

समजा, यातून घ पक्का झाला, पण ट-ड चा निकाल लागला नाही. आता गावाला विचारा. त्याच गावचा जुना आठ-अ आणि पन्नासच्या दशकातली मतदार यादी काढा. गावात घाडग्यांची भावकी आहे की घाटग्यांची? दोन्ही असतील तर राणू हे नाव कुठल्या भावकीत फिरतं ते बघा. आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत इथे फार उपयोगी पडते. राणूचा म्हादू, म्हादूचा राणू, अशी साखळी एका भावकीत सापडली की आडनाव जवळजवळ लागलंच.

एवढं करूनही वहीत मात्र ‘घा(ड/ट)गे’ असंच उतरवून ठेवावं आणि खाली आपला निष्कर्ष कशावरून काढला ते लिहावं. कागदावर काय दिसतं आणि आपल्याला काय वाटतं, या दोन गोष्टी एका रकान्यात लिहू नयेत. वीस वर्षांनी पुतण्या ही वही उघडेल, तेव्हा त्याला तुमचा तर्क तपासता आला पाहिजे.

आम्ही शेंडगे, नोंद शेडगे. चालेल का?

दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत, म्हणून नुसत्या एका टिंबावर निकाल देता येत नाही. मोडीत टिंब गळणं नित्याचंच. बाळबोधीत उलटं होतं: १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असं लिहायची पद्धत होती, त्यामुळे नको तिथेही टिंबं दिसतात. त्या लेखकाने ‘कांबळे’, ‘शिंदे’, ‘कुंभार’ यांवर टिंब दिलंय का ते बघा. तो ‘शिदे’, ‘काबळे’ लिहिणारा असेल तर त्याचा शेडगे शेंडगे असू शकतो. तो टिंबांच्या बाबतीत काटेकोर असेल तर जपून.

साळुंखे, साळुंके, सोळंके… एकच ना?

मूळ एक असेलही, पण वंशावळीत त्याने काही सिद्ध होत नाही. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन रूपं असणं मात्र अगदी साधी गोष्ट. जाधव-जादव, शिंदे-सिंदे, चव्हाण-चवाण हे तसलेच. माणूस तोंडाने सांगायचा, लिहिणारा कानाला लागलं ते लिहायचा. तेव्हा नावाचं रूप जुळण्यापेक्षा बापाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि भाऊ जुळतात का, ते बघणं शहाणपणाचं.

आडनावच लिहिलेलं नाही. नुसतं ‘रामा बिन खंडू पाटील’ आहे आणि आम्ही तर मोरे!

इथे गोंधळ नावाचा नाही, काळाचा आहे. गावात ज्याला सगळे ओळखतात त्याचं आडनाव कशाला लिहायचं? काम किंवा हक्क लिहिला की झालं: पाटील, चौगुला, सुतार, न्हावी, गुरव, मुलाणी. पाटीलकी ज्याच्याकडे तो पाटील. त्याचा चुलतभाऊ त्याच वहीत मोरे म्हणून असू शकतो. कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये गेली, मुलकी पाटीलकी १९६३ मध्ये. वतन गेलं तरी काहींनी पाटील हेच आडनाव धरून ठेवलं, काही मूळ आडनावावर परतले. त्यामुळे सख्खे भाऊ, पण एक पाटील आणि एक मोरे, अशी घरं जिल्ह्यात कितीतरी आहेत.

महार वाड्यातल्या नोंदींत आडनाव बहुतेक वेळा गाळलेलंच. जुन्या कागदांत नावांना ‘नाक’ हा प्रत्यय दिसतो, सिदनाक, रामनाक असा. तो आडनाव समजू नये. लिहिणाऱ्याने त्यांच्या बाबतीत जातीवर भागवलं, आडनाव विचारलंच नाही, ही त्या वहीची लाज आहे. अशा घरांना शाळेचं रजिस्टर जास्त हात देतं. पोरगं शाळेत घालताना आडनाव सांगावं लागायचं, आणि कित्येक घरांचं आडनाव पहिल्यांदा कागदावर आलं ते तिथेच.

मुंबईला गिरणीत गेलेल्यांचं तिसरंच. चाळीत गावाच्या नावाने हाक मारायचे, तेच ‘कर’ लागून रेशन कार्डावर चढलं. गावच्या वहीत तुम्ही मेढेकर म्हणून सापडणार नाही. भावकीतल्या म्हाताऱ्या माणसाला मूळ आडनाव आणि पडनाव (लोकांनी पाडलेलं नाव) दोन्ही विचारून या.

आजोबांचं जन्मसाल माहीत आहे, गाव माहीत आहे, वही पण मिळाली. नोंद मात्र नाही!

तीन गोष्टी तपासा.

एक, तुम्ही आजोबांचं नाव शोधताय का? जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बारसं व्हायच्या आत खबर दिलेली. मुलगा की मुलगी आणि बापाचं नाव एवढंच. म्हणून शोधायचं ते पणजोबाचं नाव.

दोन, ते थोरले होते का? पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आजही आहे. जन्म जिथे झाला तिथे नोंद. थोरल्याची नोंद आजोळच्या गावात आणि धाकट्या भावंडांची आपल्या गावात, हे इतक्या वेळा घडलंय की पहिला प्रश्न ‘आजोळ कुठलं?’ हाच विचारावा. आजोळच्या वहीत बापाचं नाव त्या गावाला परकं असतं. तलाठी ते कानावर आलं तसं लिहितो, त्यामुळे आडनाव आणखी वेडंवाकडं होतं.

तीन, शाळेतली जन्मतारीख. गुरुजींनी दाखला देताना अंदाजे १ जून टाकली असेल तर सालही दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा.

जाता जाता, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ ची मृत्यूची पानं कधी मिळाली तर बघा. इन्फ्लुएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात ओळीने ‘ताप’, ‘ताप’, ‘कित्ता’. असल्या पानांवर हात भरधाव सुटलेला, आडनावं निम्मी खाल्लेली. तिथे जी नोंद लागत नाही ती सोडून पुढे जावं.

पणजीचं माहेरचं आडनाव कुठे मिळेल?

सरकारी कागदात फार क्वचित. वर सांगितलेली पहिल्या बाळाची नोंद हाच चांगला दुवा, कारण खबर देणारा बहुतेक तिचा बाप किंवा भाऊ. त्याचं नाव-आडनाव लिहिलेलं असेल तर तेच माहेर. नाहीतर हेळवी. सांगली, साताऱ्याच्या दक्षिण भागात आणि कोल्हापूरकडे बैलावर वंशावळीच्या वह्या लादून सुगीला येणारे हेळवी पिढ्यांची नावं वाचून दाखवतात, सोयरीकही सांगतात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही गाव आणि आडनावाप्रमाणे वह्या आहेत. त्यात कधी तुमच्याच पूर्वजाची सही किंवा अंगठा असतो. मात्र त्या वह्या पुन्हा पुन्हा नकलून काढलेल्या असतात, म्हणून सरकारी नोंदीशी ताडून घ्याव्यात.

आमचं गाव आता सांगलीत आहे, कागद कुठे शोधू?

जिल्ह्याच्या आजच्या हद्दीवर जाऊ नका. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. फलटण, औंध, जत, सांगली, मिरज ही संस्थानं, १९४८ मध्ये विलीन झाली. आटपाडी औंधकडे होती. संस्थानी गावांची वहीची पद्धत, रकाने, वळण सगळं थोडं निराळं असतं. जुन्या कागदावर ‘जि. सातारा’ दिसलं म्हणून आजच्या साताऱ्यात हेलपाटा घालू नका.

गावाचं पूर्ण नावही टिपून न्या. नुसतं वाठार सांगितलंत तर कारकून विचारणार, कुठलं? वाठार स्टेशन, वाठार किरोली की वाठार निंबाळकर? कोयनेच्या शिवसागरात गेलेल्या गावांचे लोक ठाणे, रायगड, सांगलीकडे पांगले, पण जुनी दप्तरं शोधायची ती मूळ तालुक्यापासून.

मोबाईलचं एखादं अ‍ॅप वाचून देईल का?

स्वच्छ बाळबोध अक्षर काही अंशी. धावत्या मोडीतलं आडनाव, माझ्या मते, नाही. तोटा असा की अ‍ॅप ‘लागत नाही’ असं म्हणतच नाही, काहीतरी ठासून सांगतं. आणि ते जे सांगतं ते बहुतेक वेळा नेहमीचं आडनाव असतं. पाटील, जाधव, शिंदे कुठेही खपून जातात.

कागद फार फिके आहेत. काही लावून उजळ करता येतील का?

काहीही लावू नका. पाणी नको, तेल नको, लिंबू तर नकोच. जुनी काजळीची शाई पाण्याने निघून जाते. घरच्या कागदांना चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. खिडकीशी बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो काढा, लेखणीच्या टोकाचा ओरखडासुद्धा दिसतो. नंतर फोटो काळा-पांढरा करून रंग उलटे करून बघा. पुसट अक्षर कधी कधी असं उठून येतं की आधी दिसलं कसं नाही याचं नवल वाटावं.

जातीच्या रकान्यात ‘कु।’ आहे. कुणबी म्हणायला हरकत नाही ना?

रकाना जातीचाच असेल आणि त्याच लेखकाने दुसरीकडे पूर्ण ‘कुणबी’ लिहिलं असेल, तर तसं म्हणायला आधार आहे. पण आधी रकान्याचा मथळा वाचा. ‘कु।’ नावाच्या पुढे असेल तर कुलकर्णीही होऊ शकतो, शाळेच्या रजिस्टरात नावाआधी असेल तर कुमारीही. ‘म’वरून मराठा, महार, माळी यांतलं हवं ते उचलणारेही मी पाहतो. लिप्यंतर करणाऱ्यावर घरचे लोक दबाव आणतात, पैसे देऊ म्हणतात. पडताळणी समितीपुढे मूळ वही मागवली जाते आणि तिथे वाचणारा तिऱ्हाईत असतो, हे ध्यानात ठेवावं. कचेरीत दाखल करायचं लिप्यंतर अधिकृत मोडी वाचकाकडूनच करून घ्या, मित्राने वाचून दिलेलं चालत नाही.

जाणकाराला दाखवायचं असेल तर काय पाठवू?

नुसत्या आडनावाचा कापलेला फोटो पाठवू नका. सगळे तेच करतात आणि त्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही. पूर्ण पान, रकान्यांच्या मथळ्यांसकट. त्याच हाताची मागची दोन आणि पुढची दोन पानं. गावाचं पूर्ण नाव, साल, वही कोणती. भावकीत आज चालणारी आडनावं आणि पडनावं. तुम्हाला कोणतं आडनाव निघायला हवंय, ते मात्र त्याने वाचून होईपर्यंत सांगू नका.